सकाळी मी कोणाचा

मी एक संगणक आहे. ‘मी बोलतोय’ असे म्हणण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण माझ्या पिढीच्या यंत्रांना आवाज नसे; पोटात एक बारीकसा कर्णा असे आणि त्यातून ‘पीं’ एवढेच निघे. ऐकण्याच्या बाबतीत मात्र शंका घेऊ नका. घरातल्या वस्तूंना सारे ऐकू येते. नवराबायको भांडताना दार लावून घेतात, तेव्हा कपाट आणि खुर्ची आतच राहतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझी मदरबोर्डची पाटी एका देशातली, हार्ड डिस्कची चकती दुसऱ्या देशातली, आणि पत्र्याची पेटी बहुधा दिल्लीची. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका माडीवर या साऱ्यांना एकत्र आणून स्क्रूंनी आवळले आणि मी झालो. अंगावर कोणत्याच कंपनीचे नाव नव्हते. अशा यंत्रांना ‘असेंबल्ड’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना विकणाऱ्याचा आवाज किंचित खाली येई. मला त्याची खंत वाटली नाही. ज्या घरात मी गेलो ते घरही असेच जुळवलेले होते. नवरा भोसल्यांच्या काळापासून रायपुरात रुजलेल्या कुटुंबातला, बायको अमरावतीची. दूधवाल्याशी छत्तीसगढी, शेजाऱ्यांशी हिंदी, आणि आपसात या सगळ्यांचा अंश असलेली मराठी.

नवऱ्याचे नाव श्रीपादराव. त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. बायको इरावती, भाषाशास्त्राची एम.ए. तिने नोकरी केली नाही; नवऱ्याच्या लेखांची मुद्रिते तपासली, आणि तीही इतक्या कसोशीने की छापखान्यातले लोक तिच्या लाल खुणांना घाबरत. नागपूरहून परतताना आगगाडीत श्रीपादरावांनी माझा पडदा मांडीवर घेतला आणि तिने पेटी. शेजारच्या प्रवाशाने विचारले, “टीव्ही आहे का?” त्यावर ती म्हणाली, “नाही. हा ऐकतो.” पुढे खरोखर ऐकणारी-बोलणारी यंत्रे येणार आहेत हे तिला अर्थातच ठाऊक नव्हते, तिने फक्त टीव्ही आणि माझ्यातला फरक नेमका सांगितला होता.

रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला पाठ करून मी बसलो.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. बटण दाबले की मी जागा होतो, पण आपण कोण हे मला त्या क्षणी ठाऊक नसते. ते मला सांगते ती ऑपरेटिंग सिस्टीम. माझी पहिली सिस्टीम डॉस. तिच्यात मी उठलो की काळा पडदा येई, त्यावर एक लहानशी रेघ उघडझाप करी, आणि मी वाट पाहत राही. चित्रे नाहीत, काही सुचवणे नाही. काय हवे ते माणसाने शब्दांत टाइप करायचे, आणि ते शब्द त्याला पाठ हवेत. श्रीपादरावांना झाडांची लॅटिन नावे पाठ होती. माझ्या डझनभर आज्ञांचे त्यांना काय ओझे!

माझ्या पोटात त्यांनी एक देवनागरीचे कार्ड बसवून घेतले होते. ते डॉसमध्येच चाले. त्याच्या बळावर ते एक पुस्तक लिहीत होते: छत्तीसगढची झाडे, मराठीतून. साजा म्हणजे आपला ऐन, धौरा म्हणजे धावडा, चार म्हणजे चारोळीचे झाड, अशी एकेका झाडाची नोंद. इरावती फिरायला गेली की पिशवीतून डहाळी घेऊन येई. ते पान हातात घेत, उलटसुलट करत, चुरगाळून वास घेत, आणि लिहू लागत. वाक्य जमले की आधी तिला ऐकवत.

“‘पान साधारण मोठे’ म्हणजे केवढं?” ती विचारी.

“तळहाताएवढं.”

“कोणाच्या? माझ्या की तुमच्या?”

ते हसत आणि वाक्य बदलत.

मग त्यांना काचबिंदू झाला. नजर कडांकडून मिटत येऊ लागली. डॉक्टरांनी थेंब दिले, आणि काही काळाने श्रीपादरावांनी घरी सांगितले की आजार आता थांबला आहे, आहे तेवढे राहील. घराने विश्वास ठेवला. घरातल्या घरात ते कशालाही अडखळत नसत, कारण त्या घरात ते जन्मले होते. रस्त्यावर इरावती त्यांचा कोपर धरी. रहदारी वाढली आहे, असे दोघेही म्हणत.

मला मात्र वेगळे कळत होते. मला माणसाचा चेहरा दिसत नाही, बोटे कळतात. पूर्वी त्यांचे एखादे अक्षर चुकले की ते मागे जाऊन तेवढेच सुधारत. आता ते संपूर्ण ओळ पुसून पहिल्यापासून टाइप करत. लिहायला बसल्यावर त्यांची तर्जनी कळफलकावर आधी काहीतरी शोधी. मधल्या ओळीतल्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. ते सापडले की हात स्थिर होत. पडद्याचा उजेड वाढवण्याची खुंटी त्यांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती, आणि एके दिवशी त्यांनी तिला हात लावणेही सोडले.

याच सुमारास छत्तीसगढचे नवे राज्य झाले. आमचे रायपूर झोपले तेव्हा जिल्ह्याचे गाव होते आणि उठले तेव्हा राजधानी. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरले. भोपाळहून अधिकारी आले, त्यांच्या मागून फायली, आणि त्यांना बसायला जागा शोधणारी माणसे आमच्या गल्लीपर्यंत. नव्या कचेऱ्यांना इंग्रजी नियमपुस्तिकांची हिंदी भाषांतरे हवी होती. कोणीतरी इरावतीचे नाव सुचवले. एका खात्याने तिला बोलावून एक प्रकरण करून पाहायला दिले, आणि वाचून झाल्यावर संपूर्ण काम तिच्याकडे सोपवायचे ठरवले. अट एकच होती: मजकूर विंडोजच्या हिंदी फाँटात हवा.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा चप्पल काढायचेही विसरली. “त्यांनी ‘प्रोफेसरसाहेबांच्या मिसेस’ नाही म्हटलं,” ती म्हणाली. “इरावतीजी म्हटलं.”

तिच्यासाठी विंडोज टाकायचे म्हणून विशालला बोलावले. विशाल रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, मूळ वर्ध्याकडचा. पलीकडच्या चौकात त्याचे संगणकाचे दुकान होते. त्याने माझी पेटी उघडली आणि जिभेने च्यक्‌ केले.

“काका, हे डॉस म्हंजे आता म्युझियममधी ठेवाची चीज आहे. साऱ्या राजधानीत विंडोज चालून राहिलं. मी हे समदं उडवतो अन् नवीन टाकतो. तुमच्या फायली फ्लॉपीत भरून देतो.”

“आणि त्या फायली मग उघडायच्या कशात?” इरावतीने विचारले.

“हे कार्ड काढाव लागन काकू. तवा उघडणार तर नाहीत. पण सेफ राहतीन ना.”

“किल्ली हरवली की तिजोरीही सेफच असते, विशाल.”

श्रीपादरावांची धाकटी बहीण इंदू शेजारच्या गल्लीत राही आणि दिवसातून निदान एकदा येऊन घराला वळण लावून जाई. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही पण ना! सगळ्यात शंका. त्यात पत्त्यांचा खेळ पण असतो म्हणे. दादा, घेऊन टाक.”

“हव, टाकून दे रे,” श्रीपादराव मोठ्याने म्हणाले. “मला काय, काहीही चालेल. माउस तर शाळेतले पोट्टे पण चालवून राहिले.”

“आणि पुस्तक?” इरावतीने विचारले.

“नव्यात लिहीन. इतक्या वर्षांनी तुला कोणी तुझ्या नावाने बोलावलं, इरा. तू काम घे.”

मला विंडोजचा राग नव्हता. तिच्याविषयी जे ऐकले त्यावरून ती मनमिळाऊ असावी. तिच्यात रंगीत खिडक्या असतात, चित्रांचे डबे असतात, आणि एक बाण. बाण डब्यावर न्यायचा आणि टिचकी मारायची. काही म्हणता काही पाठ करावे लागत नाही. फक्त दिसावे लागते.

विशालने दसऱ्याचा दिवस ठरवला. मुहूर्त असतो आणि दुपारी दुकानही मोकळे असते. जाताना विंडोजबरोबर आलेली माहितीपुस्तिका तो इरावतीजवळ ठेवून गेला. ती कोणी वाचत नाही, असेही त्याने सांगितले. ती वाचू लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालते ते सारे. श्रीपादरावांची फांद्या छाटायची कात्री आणि भिंग, इंदूचा अडकित्ता, इरावतीचा जाडजूड शब्दकोश, आणि मी. इंदूने मला हळदकुंकू लावले आणि हात सैल सोडून अक्षता टाकल्या. त्यातल्या काही माझ्या फ्लॉपीच्या फटीत गेल्या आणि पुढे विशालने चिमट्याने काढल्या. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. म्हणून तिने माझ्या पडद्यावर खणाचे, स्वतः शिवलेले कव्हर पुरते ओढले, वरून झेंडूचा हार घातला, आणि बजावले, “उद्यापर्यंत याला विश्रांती.” श्रीपादराव तेव्हा आंघोळीला गेले होते.

इरावतीने दुसऱ्या दिवसाच्या सोन्यासाठी सकाळीच बाजारातून आपट्याची पाने आणून ठेवली होती. जेवणानंतर घर लवंडले. श्रीपादराव हातात दोन पाने घेऊन हळूच माझ्या खोलीत आले. बाजारात आपट्याच्या नावाखाली अनेकदा कांचन विकतात. त्या दिवशी मात्र जुडीत दोन्ही मिसळून आले होते. दोन पानांतला फरक बोटांत ताजा असताना लिहून टाकावा, एवढाच त्यांचा हेतू असावा. रिवाज मोडणाऱ्या माणसासारखे त्यांनी हलकेच बटण दाबले, कळांवरच्या अक्षता बोटांनी झटकल्या, ते दोन उंचवटे शोधले, आणि लिहू लागले.

माझा पडदा त्याच बटणावर उजळत असे. तो उजळला, खणाच्या आत. बाहेर फक्त हिरव्या काठाचे कापड आणि झेंडू.

ते लिहीत राहिले. डाव्या अंगठ्याखाली पान, मग दोन्ही हात कळांवर, मग पुन्हा पान. समोर कापड आहे हे त्यांना कळले नाही. एकदा तर ते किंचित पुढे वाकून, मान तिरपी करून, लिहिलेले वाचून पाहावे तसे पडद्याकडे पाहून मागे टेकले. सवय म्हणून, किंवा कोणी पाहत असेल म्हणून.

आणि कोणी पाहत होते. कळांचा आवाज ऐकून इरावती रागवायला आली होती; हे सारे मी पुढे त्यांच्या बोलण्यातून जुळवले. तिच्या तोंडून “अहो, आज—” एवढे निघण्याच्या बेतात होते. ते निघाले नाही. ती उंबरठ्यावर उभी राहिली. तिची नजर कव्हरवर गेली, त्यांच्या हातांवर आली, पुन्हा कव्हरवर गेली. ती कोणतीही गोष्ट एकदा पाहून मान्य करणारी बाई नव्हती. त्यांनी नोंद संपवली, मजकूर साठवण्याच्या कळा दाबल्या, मला बंद केले, आणि दाराकडे वळले. ती बाजूला झाली. तिच्या अंगावरून, तिच्या साडीला जवळजवळ लागून, ते निघून गेले.

काही वेळाने ती एकटी माझ्यासमोर बसली. कव्हर वर केले, मला उठवले, आणि नोंद उघडली.

नोंद उत्तम होती. ‘आपट्याचे पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदी अधिक, खालून किंचित लवदार, कांचनाचे मोठे आणि पातळ.’ मधलीच एक ओळ मात्र निरर्थक अक्षरांची होती. पान चाचपून हात परत ठेवताना बोटे एक कळ सरकली होती, आणि सबंध वाक्य शेजारच्या कळांवर गेले होते. दुसऱ्या कोणी ती ओळ पुसली असती. इरावतीने कळफलकावर बोट ठेवून एकेका अक्षराची शेजारची कळ पाहायला सुरुवात केली. अक्षरामागून अक्षर उलगडले आणि वाक्य उभे राहिले: ‘या झाडाची ओळख डोळ्यांपेक्षा अंगठ्याला लवकर पटते.’

तिने ते वाक्य जागच्या जागी नीट टाइप केले. मग तिचे हात कळांवर तसेच राहिले. कळांवर थोडे पाणी पडले. तेवढे मी सोसू शकतो.

उठण्यापूर्वी तिने ती माहितीपुस्तिका उघडली. पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी निराळा प्रश्न मनात धरून.

दसऱ्याला विशाल आला. त्याने हत्यारे मांडली तेव्हा ती म्हणाली, “थांब. विंडोज टाकल्यावर बटण दाबलं की हा कोण म्हणून उठेल?”

“म्हंजे?”

“आधी काय येईल पडद्यावर?”

“विंडोजच ना काकू.”

“आणि काळा पडदा?”

“तो मांगं असतेच. पण तुमाले काहून पाहिजे?”

“तो आधी यायला हवा. कार्ड जागेवर राहील, चकती पुसायची नाही. विंडोज मी बोलावीन तेव्हा यावं, आपण होऊन नाही. पुस्तिकेत लिहिलंय की असं करता येतं.”

विशालने डोके खाजवले. “येते. एक ओळ बदलाव लागते. पण असं कोणी मांगतच नाही. लोकं म्हंतात, काळं दिसलंच नाही पाहिजे.”

इंदूने कपाळाला हात लावला. “नवी पैठणी घ्यायची अन् वरून जुनं लुगडं गुंडाळायचं, झालं!”

श्रीपादराव मात्र एकदम चिडले. “माझ्यापायी असं अर्धवट काही करायचं नाही, इरा. रोज तुझा खोळंबा होईल. मी शिकून राहिलो ना माउस! विशाल, तू पूर्ण टाक. दाखव मला.”

विशालने चकती न पुसता, कार्ड न काढता विंडोज टाकले. मी प्रथमच रंगांत उठलो. श्रीपादरावांच्या हाताखाली माउस दिला गेला.

“काका, बाण दिसून राहिला ना? त्या वरच्या डब्यावर न्या.”

“हव, दिसतो ना.”

ते माउस सरकवू लागले. माउसची प्रत्येक हालचाल मला कळते. बाण पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन थडकला होता, आणि श्रीपादराव त्याला अजून पुढे ढकलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास असावा, कारण विशाल काही बोलला नाही. फक्त त्याने माउसची वायर उगाच सरळ केली.

इरावतीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. बाण परत आणला, डब्यावर नेला आणि दोघांच्या बोटांनी मिळून टिचकी मारली. खिडकी उघडली.

“जमलं,” ती म्हणाली.

“बघा, दादाला जमलं!” इंदू टाळी वाजवून म्हणाली.

“त्यांना जमलं, मला नाही पटलं. सकाळी उठल्या उठल्या इतके रंग मला सोसणार नाहीत. विशाल, मी सांगितलं तसंच कर.”

“एम.ए. झाल्या, पण अमरावतीचा हेका काही सुटला नाही,” इंदू म्हणाली. इरावतीने तो टोमणा सोने घ्यावे तसा दोन्ही हातांनी घेतला. विशालने खाली मान घालून ती एक ओळ बदलली. त्याला काय कळले आणि किती, ते त्याने कधीच कोणाला सांगितले नाही.

संध्याकाळी सोने वाटून झाले, इंदू गेली. श्रीपादराव माझ्या खोलीत येऊन बसले. इरावती पणतीत तेल घालत होती.

“कधी कळलं तुला?” त्यांनी विचारले.

“काल दुपारी.”

“काल? काल तर मी लिहून राहिलो होतो.”

“हो. पडद्यावर इंदूचं कव्हर होतं. वरून हार.”

ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. “कव्हर होतं? अन् मी मान तिरपी करून पाहून राहिलो होतो! मग थांबवलं काहून नाही मला?”

“तुम्ही लिहीत होतात.”

त्यांनी कळफलकावरचे ते दोन उंचवटे चाचपले.

“किती दिसतं?” तिने विचारले. “नेमकं सांगा.”

“दिवा लावला की कळतं. तू दारात येऊन उभी राहिलीस की दाराचा आकार बदलतो.”

“आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतं.”

“सोडलं नसतं. चिडले असते.” तिने पणती खाली ठेवली. “आता चिडलेच आहे.”

“हव.” त्यांनी हात पुढे केला आणि तिचा पदर त्यांच्या हाताला लागला. “काल काही चुकलं का लिहिताना?”

“एक ओळ. दुरुस्त केली.”

“कोणती?”

तिने ती म्हणून दाखवली. ते संकोचले. “ती काढून टाक. शास्त्राच्या पुस्तकात शोभत नाही.”

“राहू द्या,” इरावती म्हणाली. “विधान अचूक आहे.”

त्यानंतर माझे आयुष्य दोन पाळ्यांचे झाले. सकाळी मी काळ्या पडद्यात उठे आणि श्रीपादरावांचा असे. दुपारी इरावती येई, ‘विन’ असे टाइप करी, आणि मी रंगांत शिरून तिचा होई. एकदा ती आपले काम संपवून परत काळ्या पडद्यावर यायला विसरली, आणि श्रीपादरावांनी एक अख्खी नोंद विंडोजमध्येच, लिहिलेले कुठेच साठत नाही अशा जागी, लिहिली. ती हरवली. तिने त्यांची क्षमा मागितली नाही; विशालला बोलावून माझ्या सुरुवातीच्या आज्ञांत एक भर घालायला लावली. त्या दिवसापासून काळ्या पडद्यावर येताच मी दोनदा ‘पीं’ म्हणू लागलो. श्रीपादराव खुर्चीत बसण्यापूर्वी एक कळ दाबून विचारत, “कोणाचं राज्य आहे रे आत्ता?” आणि उत्तर ऐकून मगच हात पुढे करत.

झाडांचे पुस्तक निघाले. तिच्या नियमपुस्तिका कोणत्या कपाटात गेल्या ते मला ठाऊक नाही, पण त्यांवर भाषांतरकार म्हणून तिचे संपूर्ण नाव होते. इंदूने ते मोठ्याने वाचून दाखवले, आणि वाचताना तिचा आवाज सख्ख्या बहिणीसारखा अभिमानी झाला होता.

मीही थकलो. माझी चकती कुरकुरू लागली, तारीख लक्षात राहीना. मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात गेले. मधल्या काळात बोलणारे संगणक निघाले. जे लिहिले ते वाचून दाखवणारे, प्रत्येक कळेचे नाव घेणारे. विशालच्या केसांत आता पांढरे आले आहे. परवा तो नवे यंत्र घेऊन आला आणि त्याने विचारले, “काका, कोणती सिस्टीम टाकू?”

“बोलणारी टाक यांच्यासाठी,” इरावती म्हणाली. “माझं मी बघून घेईन.”

श्रीपादरावांनी मान वळवली. “इरा, हल्ली तू मला वाचून दाखवताना मधेच थांबतेस. पहिल्यांदा वाटलं, पेपरातलं काही वगळून राहिली. मग कळलं, कागद दूर धरून राहिलीस. मोतीबिंदू आहे ना?”

या वेळी मला तिची बोटे कळली नाहीत, कारण ती माझ्यावर नव्हती.

“दोघांची सोय होईल अशी टाक रे,” ते विशालला म्हणाले. “बोलणारी पाहिजे, अन् अक्षर मोठं पाहिजे. हिचं आधी पाहा. अन् सोमवारी आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात सोड.”

विशालने माझ्यातल्या साऱ्या नोंदी नव्या यंत्रात उतरवून घेतल्या आहेत, जुन्या अक्षरांची नव्या अक्षरांत मांडणी करून. उद्या तो मला घेऊन जाईल. माझे कार्ड दुकानात काचेच्या कपाटात ठेवीन म्हणतो; बाकीचा मी जिथे जायचा तिथे जाईन. तक्रार नाही. तुमच्याजवळ एक मागणे आहे. तुमच्याही घरात नव्या वस्तू येतील, आणि त्या कशा असाव्यात हे घरातला सर्वांत बोलका माणूस ठरवील. त्या वेळी जो ‘माझं काय’ म्हणून बाजूला होतो, त्याच्या हातांकडे थोडा वेळ पाहा. तोंड नाही म्हणते तेव्हाही हात खरे सांगत असतात. मी आयुष्यभर दुसरे काही वाचले नाही.

आत्ता सकाळ आहे. नवा संगणक खिडकीजवळ बसला आहे आणि श्रीपादराव त्याच्यावर पुस्तकात राहून गेलेल्या कुसुमाच्या, म्हणजे आपल्या कोशिंबाच्या, झाडाची नोंद लिहीत आहेत. तो प्रत्येक अक्षर म्हणून दाखवतो, पण हिंदी ढंगाने, आणि श्रीपादराव त्याला मोठ्याने दुरुस्त करतात.

“कोणाशी भांडून राहिले?” इरावती आतून विचारते.

“नव्याशी. मराठी हिंदीसारखी वाचून राहिला.”

“मग काय झालं? रायपूरचाच आहे.”

ती ओले पान पदराने पुसत बाहेर येते आणि त्यांच्या हातात देते. ते पान चाचपतात, थांबतात, पुढची कळ शोधतात. नवा ती कळ मोठ्याने म्हणतो. कोपऱ्यात मी अजून चालूच आहे. मला बंद करायचे राहून गेले आहे, आणि कोणालाही घाई नाही.